पॅनलवर 24, मानेवर 17: एका एसी बसचं प्रकरण

एकाच बसच्या एकाच फेरीबद्दल दोन तक्रारी आल्या होत्या. पहिली: ‘एसी नावालाच आहे. मागच्या सीटवर घामाने निथळलो.’ दुसरी: ‘एसी एवढा कडक होता की मुलीला ओढणीत गुंडाळून बसवावं लागलं. कंडक्टरला सांगितलं, तर म्हणाले, माझ्या हातात काही नाही.’ दोन्हींपुढे वर्कशॉपचा शेरा एकच: ‘तपासले. एसी चालू स्थितीत आहे.’

अशा जोडतक्रारींचा कार्यालयात ठरलेला अर्थ लागतो. एकाला उकडतंय, दुसऱ्याला थंडी वाजतेय, म्हणजे तापमान बरोबर मधोमध आहे. लोकांचं काय, काहीही करा, रडगाणं चालूच. कागद दप्तरी दाखल. इथे तसं झालं नाही, कारण त्या मार्गावरच्या तक्रारी थांबेनात. शेवटी एक छोटी चौकशी लागली आणि ती माझ्या टेबलावर आली.

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट स्पष्ट झाली: दोन्ही प्रवासी खरं बोलत होते. बसमध्ये सरासरी तापमानाची सीट नसते. एक जण बसला होता अगदी मागच्या सलग बाकावर, दुसरी आई मधल्या दाराच्या पुढच्या सीटवर, आणि ड्रायव्हरच्या पॅनलवर दिसणारा आकडा या दोघांपैकी कुणाच्याच जागेचा नव्हता. भांडण मात्र सगळं त्या आकड्यावरून चाललं होतं.

बस आणि तिची तपासणी

बस विजेवर चालणारी, बारा मीटरची, दोन दारांची. खिडक्यांच्या काचा पक्क्या बसवलेल्या; काही खिडक्यांना वरच्या बाजूला सरकणारी पट्टी, तीही एसी चालू असताना बंद ठेवायची. छतावर मधोमध एसीचं युनिट. त्यातली थंड हवा खिडक्यांच्या वरून जाणाऱ्या दोन डक्टमध्ये शिरते आणि प्रत्येक सीटच्या डोक्यावरच्या गोल झडपांतून खाली येते. वापरलेली हवा परत ओढून घेणारी मोठी जाळी छताच्या मध्यभागी. त्या जाळीच्या मागे, बोटाच्या पेरापेक्षा लहान असा एक सेन्सर. अख्ख्या बसचं तापमान ठरवणारा हा एकटा साक्षीदार, आणि त्याची जागा अशी की तिथे वटवाघूळ सोडून कुणी बसू शकणार नाही.

वर्कशॉपचा शेरा खोटा नव्हता. तपासणी व्हायची ती सावलीत उभ्या, रिकाम्या, दारं लावलेल्या बसमध्ये. मेकॅनिक गॅसचं प्रेशर बघायचा, पहिल्या झडपेला थर्मामीटर लावायचा, आकडा पुरेसा खाली दिसला की बस पास. ही पद्धत डिझेल बसच्या काळातली. बहुतेक डिझेल बसमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. कोंडीत इंजिन मंदावलं की कॉम्प्रेसरही मंदावतो, आणि नेमक्या अडकून पडलेल्या बसमध्ये उकडायला लागतं. म्हणून पट्टा, क्लच आणि गॅस पाहायची सवय मेकॅनिकांच्या हाताला लागलेली. विजेच्या बसमध्ये कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. बस उभी असली तरी तो पूर्ण ताकदीने चालू शकतो. मुळात पट्टाच नाही तर तो सैल काय होणार? तरी तपासणीचा तक्ता तोच राहिला होता. पट्ट्याच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहायचं, बाकी जैसे थे.

रिकामी बस आणि भरलेली बस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकड्यांत पाहिलं की पटतं. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. साठ माणसं म्हणजे सहा किलोवॉट, आणि त्यातला बराच भाग घाम नि श्वास यांतल्या वाफेच्या रूपात. स्वच्छ दिवशी सूर्याला तोंड करून असलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. बसच्या एका बाजूला काच किती असते ते बघा. वर टपाची तापलेली पत्रं, श्वासासाठी आत घ्यावी लागणारी बाहेरची हवा, आणि सगळ्यांत बेहिशेबी गोष्ट म्हणजे दारं. म्हणूनच एवढ्या बसवर साधारण 25 ते 40 किलोवॉट थंडावा देणारं युनिट बसवतात. घरातला दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉटच्या आसपास असतो. एवढी ताकद डोक्यापासून हातभर अंतरावरून सोडायची, तीही थांब्यागणिक दोन दारं सताड उघडणाऱ्या डब्यात. यात कुणाला थंडी वाजली आणि कुणाला उकडलं याचं नवल वाटायला नको.

ड्रायव्हरचे अठरा

दुपारच्या फेरीला बसमध्ये चढलो तेव्हा पॅनलवर दोन आकडे होते. सांगितलेलं तापमान 18, मोजलेलं 24. ड्रायव्हरना विचारलं, अठरा कशाला?

‘साहेब, अठरावर टाकलं की लवकर गार होतं.’

हा समज इतका सर्वदूर आहे की त्यासाठी एकट्या ड्रायव्हरला धरण्यात अर्थ नाही. पॅनलवरचा आकडा ही थांबायची खूण असते. भर दुपारी भरलेल्या बसमध्ये एसी 24 वर ठेवा की 18 वर, कॉम्प्रेसर आधीच जीव तोडून पळत असतो. त्याहून जास्त थंडावा त्याच्याकडे नसतोच. फरक पडतो तो नंतर. ऊन कलतं, बस रिकामी होत जाते, वीस माणसं उरतात, आणि यंत्राला अजून अठरा गाठायचेच असतात. आता ते त्याला सहज जमतं. गार वाजल्याच्या तक्रारी संध्याकाळच्या उलट्या फेरीत का दाटत होत्या, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. दुपारी टाकलेला आकडा संध्याकाळी बदलायचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण त्या वेळी ड्रायव्हरला स्वतःला बरं वाटत असायचं.

ड्रायव्हरची बाजूही ऐकण्यासारखी होती. त्यांच्यासमोर बसमधली सगळ्यांत मोठी काच. मांड्यांवर, हातांवर थेट ऊन. शेजारी पुढचं दार, दर थांब्याला गरम हवेचा लोट अंगावर. प्रवासी अर्ध्या तासात उतरून जातो, ड्रायव्हर पाळीभर तिथेच. हवेचं तापमान 24 असलं तरी उन्हात बसलेल्या अंगाला ते 24 वाटत नाही. शरीर आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांची आणि थेट किरणांचीही उष्णता घेतं. इमारतींतल्या सुखद तापमानासाठी जगभर वापरलं जाणारं अमेरिकेतल्या ‘आश्रे’ या संस्थेचं 55 क्रमांकाचं मानक आहे. त्यातही अंगावर पडणाऱ्या थेट उन्हाचा हिशेब 2017 च्या आवृत्तीत आला. तज्ज्ञांनाच इतका उशीर झाला, तर बारा मीटरच्या बससाठी एकच आकडा पुरेल असं धरणाऱ्या नियोजकांना काय दोष द्यायचा! असो. थोडक्यात, ज्या माणसाच्या हाती एसी होता त्याची जागा बसमधली सगळ्यांत तापलेली होती, आणि तो स्वतःच्या अंगावरून सगळ्यांचं तापमान ठरवत होता.

झडपांचा खेळ

खरी गंमत डोक्यावरच्या झडपांत होती. प्लास्टिकची गोल चकती, आत दोन-तीन पाती, बोटाने फिरवून दिशा बदलायची किंवा पूर्ण मिटायची. प्रत्येकाला आपापला थंडावा कमी-जास्त करता यावा म्हणून केलेली चांगली सोय. प्रत्यक्षात काय झालं होतं? मधल्या भागातल्या निम्म्याहून जास्त झडपांची पाती मोडलेली. जिथे झडप मिटत नव्हती तिथे लोकांनी आपापले उपाय केले होते. जुनी तिकिटं घडी घालून कोंबलेली. एका ठिकाणी प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा. एका झडपेवर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी, अगदी नीट, चार पदरी, कुणीतरी घरून आणून लावलेली. त्या माणसाचा त्रास किती असेल, ते त्या पट्टीवरून कळत होतं.

डक्टमधली हवा कुठेतरी बाहेर पडणारच. एकाने झडप कोंबली की त्याच्या वाटची हवा शेजारच्या झडपेतून आणखी जोरात येते. मग तो शेजारी कोंबतो. त्याच्या पुढचा तेवढा हात लांब नसल्यामुळे मुकाट कुडकुडत बसतो. ज्या आईने तक्रार केली होती तिची सीट नेमकी अशाच एका उघड्या उरलेल्या झडपेखाली होती. तिच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही झडपा कागदाने बंद. बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर थर्मामीटर धरला, तर 17. त्याच वेळी मागच्या बाकावर 29. आणि पॅनलवर मोजलेलं, अधिकृत, नोंदवहीत जाणारं तापमान 24.

मग हे 24 आले कुठून? ज्या प्रवाशांच्या झडपा शाबूत होत्या त्यांनी हवा डोक्यावर नको म्हणून पाती छताकडे वळवली होती. थंड हवा छताला चिकटून सरकत सरळ मधल्या जाळीपर्यंत जायची आणि माणसांना न भेटताच परत युनिटमध्ये शिरायची. जाळीमागच्या सेन्सरला वाटायचं, बस छान गार आहे. त्यामुळे मागच्या बाकाच्या उकाड्याची त्याला खबरच नव्हती. प्रत्येकाने स्वतःपुरता केलेला शहाणपणा एकत्र येऊन यंत्राला फसवत होता, यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आता मागचा बाक. तिथे उष्णता जास्त येत होती हे खरं: फरशीखाली मोटर, मागे मोठी काच, डक्टचं शेवटचं टोक. पण हवाच पोचत नव्हती, त्याचं कारण छतात मिळालं. जाळी उघडून फिल्टर काढला तर तो धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू यांच्या जाड थराने गोधडीसारखा झाला होता. तपासणीच्या तक्त्यात फिल्टरचा रकाना होता. त्यात ‘ठीक’ असं लिहिलेलंही होतं.

फिल्टर तुंबला की एसी कमी थंड करतो, असं आपण धरतो. घडतं थोडं विचित्र. हवा कमी जाते, म्हणून जी जाते ती कॉइलवरून, म्हणजे युनिटमधल्या थंड नळ्यांवरून, आणखी थंड होऊन बाहेर पडते. वेगाने निघालेली हवा छताला धरून दूरवर जाते, वाटेत बसमधल्या हवेत मिसळते आणि खाली येईपर्यंत मवाळ होते. मंद निघालेली थंड हवा जड असते. ती झडपेतून सुटली की सरळ खाली, डोक्यावर आणि मानेवर पडते. म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, ब्लोअरच्या जवळच्यांना जास्त बोचरा गारवा आणि टोकाच्या माणसांना काहीच नाही. एका तुंबलेल्या फिल्टरने दोन्ही तक्रारी जन्माला घातल्या होत्या. शिवाय पुढे जाऊन कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळला की पाणी निचऱ्याच्या नळीत मावत नाही, आणि एखाद्याच्या कपाळावर टपकन थेंब पडतो. पाणी गळण्याच्या तक्रारी आमच्याकडे वेगळ्या फाइलमध्ये होत्या. ती फाइल या फाइलला जोडावी हे कुणाला सुचलं नव्हतं.

सगळ्यांना कधीच बरं वाटणार नाही, पण किती जणांना?

कार्यालयातल्या ‘लोकांचं समाधान होतच नसतं’ या वाक्याला एक शास्त्रीय आधार आहे, आणि तो त्यांना वाटतो तेवढा सोयीचा नाही. डेन्मार्कचे प्राध्यापक फँगर यांनी 1970 मध्ये उष्ण-गार वाटण्याचं एक गणित मांडलं. त्यात सहा गोष्टी येतात: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांची उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, माणसाची हालचाल आणि अंगावरचे कपडे. याच गणितावर पुढे आंतरराष्ट्रीय मानक 7730 उभं राहिलं. या हिशेबानुसार सगळं उत्तम जुळवलं तरी निदान पाच टक्के लोक नाराज राहणारच. म्हणजे साठ जणांत तीन. आमच्या बसमध्ये तीन नव्हे, मागचा अख्खा बाक आणि मधल्या दोन-तीन रांगा नाराज होत्या. पाच टक्क्यांची ढाल करून त्यांच्यापुढे धरता येत नाही.

त्याच मानकात आणखी एक बाब आहे जी बसला तंतोतंत लागू पडते: एकूण तापमान ठीक असलं तरी शरीराच्या एकाच भागावर हवेचा झोत सतत आला तर माणूस बेचैन होतो, आणि मान त्याला सर्वांत लवकर वैतागते. पॅनलवर 24 चे 26 केले म्हणून मानेवरचा झोत थांबत नाही. आमच्याकडे आधी नेमका तोच उपाय झाला होता, आणि त्यातून मागच्या बाकाचे हाल तेवढे वाढले होते.

कोण कुठून येऊन बसतं यावरही बरंच काही ठरतं. उन्हात थांब्यावर ताटकळून, पळत बस पकडलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं तो झोत स्वर्गसुख वाटतो. तोच माणूस वीस मिनिटांनी, घामाने भिजलेला सदरा अंगावर वाळत असताना, झडप बंद करायला हात वर करतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी 1971 मध्ये हेच दाखवलं: तापलेल्या शरीराला जो गारवा सुखावतो, तोच थंडावलेल्या शरीराला नकोसा होतो. ‘आश्रे’चं मानक पंधरा मिनिटांहून कमी काळ थांबणाऱ्यांसाठी बनवलेलंच नाही, शहर बसमध्ये बरीच माणसं तेवढ्यात उतरलेली असतात. आणि तक्रारदारांत बायका नि म्हातारी माणसं जास्त का, यावर वर्कशॉपमध्ये जे विनोद चालत त्यांना एक उत्तर 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी देऊन ठेवलं आहे. या हिशेबांतला नमुना माणूस मध्यमवयीन, सत्तर किलोचा पुरुष धरलेला आहे, आणि त्यामुळे स्त्रियांच्या शरीरातली उष्णतानिर्मिती प्रत्यक्षापेक्षा जास्त गृहीत धरली जाते.

डिस्प्ले लावून केलेली चूक

मधल्या काळात वरून एक कल्पना आली: बसमध्ये प्रवाशांना दिसेल असा तापमानाचा डिस्प्ले लावा, पारदर्शकता येईल. लावला. त्यावर अर्थातच त्याच छतावरच्या सेन्सरचा आकडा दिसायचा. मागच्या बाकावरच्या लोकांनी 24 चा फोटो आणि स्वतःचा घामाने डबडबलेला चेहरा एकाच चौकटीत टिपून पाठवायला सुरुवात केली. तोवर त्यांना नुसतं उकडत होतं. आता वर कुणीतरी धडधडीत खोटं सांगतंय असंही वाटू लागलं. तक्रारी वाढल्या, कंडक्टरांचं डोकं फिरलं, आणि डिस्प्लेवर तापमानाच्या जागी पुढच्या थांब्याचं नाव आलं.

पावसाचे दिवस

पावसात प्रकरणाने वेगळाच रंग घेतला. बाहेर हवा फार गरम नाही, पण दमट. ओल्या छत्र्या, ओले कपडे, फरशीवर पाणी. तापमान सहज गाठलं जातं, म्हणून कॉम्प्रेसर हळू पळतो. कॉइल तेवढी थंड राहत नाही आणि हवेतली वाफ पुरेशी निथळत नाही. आत चिकचिक, कोंदट वास, समोरची काच धुरकट. ड्रायव्हर मग आकडा खाली आणतो, कारण काच दिसली पाहिजे, त्याचं बरोबरच आहे. आता ओल्या कपड्यातली माणसं गार हवेत बसतात.

हवा थंड करणं आणि हवा कोरडी करणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र विलिस कॅरियर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलं ते माणसांसाठी नव्हतंच. दमट हवेने कागद फुगून रंग जुळेनात, म्हणून. बसमध्ये हे काम नीट करायचं तर हवा खूप गार करून वाफ काढायची आणि मग थोडी तापवून सोडायची. म्हणजे जास्त वीज, जास्त खर्च. आम्ही स्वस्तातला मार्ग धरला: पावसात ब्लोअरचा वेग एक पायरी कमी. हवा कॉइलवर जास्त वेळ राहते, पाणी जास्त निथळतं. पण हवा मंदावली की मानेवर पडते, हे मघाशी आलंच आहे. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला बाधतं, तसं थोडं झालं. चिकचिकीपेक्षा झोत बरा, असा कौल कंडक्टरांनी दिला, आणि तो मानला.

काय बदललं

सर्वांत मोठा फरक सर्वांत स्वस्त गोष्टीने पडला. फिल्टर आठवड्याला काढून धुवायचा, आणि रकान्यात ‘ठीक’ न लिहिता धुतल्याची तारीख व सही. ज्यांनी मोडलेल्या झडपा बदलल्या त्यांनीच कोंबलेले कागद, बोळे, पट्ट्या काढल्या. नवीन झडपांची पाती मार्गिकेकडे तिरपी राहतील अशी अडकवली. पूर्ण मिटता येतात, पण छताकडे वळत नाहीत. आपला थंडावा आपल्या हातात हवा, असं मानणाऱ्या काही प्रवाशांना हे खटकलं. मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण शेजाऱ्याच्या डोक्यावर आपली हवा ढकलण्याचं स्वातंत्र्य थोडं कमी झालं तर चालेल.

सेन्सरचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. एसीच्या नियंत्रण यंत्रात दुसऱ्या सेन्सरची जोडणी आधीपासून होती, कुणी वापरली नव्हती. मागच्या खांबावर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, भोकांच्या आवरणात एक सेन्सर लावला आणि यंत्राला दोघांची सरासरी घ्यायला सांगितलं. सांगितलेलं तापमान 23 ते 26 च्या बाहेर जाणार नाही असं कुलूप घातलं.

कुलपावर ड्रायव्हर भडकले, आणि ते साहजिक होतं. त्यांच्या उन्हाचं काहीच न करता त्यांच्या हातातलं बटण काढून घेतलं होतं. पहिल्या काही दिवसांत पुढच्या सरकत्या पट्ट्या उघड्या दिसू लागल्या. एसी चालू, खिडकी उघडी. मग ड्रायव्हरच्या बाजूला डक्टमधून स्वतंत्र नळी काढली, तिला वेगळी कळ दिली, समोरच्या काचेला ओढायचा पडदा बसवला. हे आधी करून मग कुलूप घालायला हवं होतं, एवढं कुणीही शाळकरी पोर सांगेल. पण कुलूप सॉफ्टवेअरमध्ये एका दुपारी होतं आणि नळीला खरेदीचा प्रस्ताव लागतो.

शेवटच्या थांब्यावरची सवय मोडायला वेळ लागला. बस उन्हात उभी, दोन्ही दारं उघडी, एसी सुरू, ड्रायव्हर-कंडक्टर टपरीवर. पुढची फेरी सुटेपर्यंत बस आतून तापलेली, आणि पहिली दहा मिनिटं सगळा जोर ते भरून काढण्यात. आता दारं लावून ठेवतात आणि फेरीच्या थोडं आधी आतली हवाच फिरवून बस गार करतात. यामागे प्रवाशांचं सुख होतंच, पण त्याहून जास्त वजन पडलं ते बॅटरीच्या हिशेबाचं. एसी वीज खातो ती तासांवर, किलोमीटरवर नाही. सहा किलोवॉट वीज ओढणारा एसी ताशी 30 किलोमीटरने चाललेल्या बसमध्ये किलोमीटरमागे 0.2 युनिट घेतो. कोंडीत वेग 12 वर आला की तेच 0.5 युनिट होतं. बारा मीटरची बस स्वतः चालायला किलोमीटरला एक युनिटच्या आसपास घेते, हे लक्षात घेतलं की संचालन विभाग एसीचा आकडा 26 वर नेण्यासाठी का हटून बसला होता ते कळतं. फिल्टर धुतल्यावर आणि दारं लागल्यावर त्यांचा आग्रह थोडा सैल झाला.

खिडक्यांचा वाद अजून मिटलेला नाही. एसी रस्त्यात बंद पडला तर पक्क्या काचांच्या बसमध्ये माणसं कोंडली जातात; सरकत्या पट्ट्या पुरत नाहीत. ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांना लंडनचा दाखला देतो. तिथे 2012 मध्ये नव्या ढंगाच्या दुमजली बस रस्त्यावर आल्या. थंड हवेची यंत्रणा होती, म्हणून खिडक्या उघडणाऱ्या ठेवल्या नव्हत्या. 2013 च्या उन्हाळ्यात प्रवासी उकडून निघाले, बसला उकाड्यावरून नावं पडली, आणि 2015 मध्ये आहेत त्या बसना उघडणाऱ्या खिडक्या बसवायचा निर्णय घ्यावा लागला. खर्च सुमारे वीस लाख पौंड. सुरुवातीलाच केल्या असत्या तर त्याच्या काही अंशात झालं असतं.

निकाल असा की गार वाजल्याच्या तक्रारी बऱ्याच घटल्या, पाणी गळण्याच्या जवळपास थांबल्या. मागच्या बाकाचा उकाडा कमी झाला, गेला नाही. मोटर तिथेच आहे, काच तिथेच आहे, डक्टचं टोक तिथेच आहे. फिल्टर धुऊन ते बदलत नाही. नव्या बसच्या खरेदीसाठी जो मसुदा गेला आहे त्यात मागच्या भागाला वेगळा ब्लोअर, दोन सेन्सर, ड्रायव्हरच्या जागेचं स्वतंत्र नियंत्रण आणि निदान एक आड एक उघडणारी खिडकी, एवढं मागितलं आहे. तपासणीचा तक्ताही बदलायला घेतला आहे: बस दुपारी, भरलेली असताना, मानेच्या उंचीवर तीन ठिकाणी मोजायची. वर्कशॉपचं म्हणणं, भरलेल्या बसमध्ये थर्मामीटर घेऊन उभं राहायला माणूस कुठून आणायचा. त्यांचं म्हणणं रास्त आहे. सध्या तपासनीस तिकिटं तपासायला चढतात, त्यांच्याच हाती थर्मामीटर द्यावा असा प्रस्ताव आहे, आणि तो तपासनीसांच्या संघटनेकडे अडकलेला आहे.